न्यूमोनियाचं पाणी

प्रस्तावना

आपल्याकडे एक्स-रेवर छातीत पाणी दिसलं की डॉक्टरांच्याच काय, नातेवाइकांच्याही तोंडी पहिल्यांदा येतो तो टीबी. त्यात नवल नाही. फुफ्फुसाबाहेरच्या क्षयरोगात मानेच्या गाठींच्या जोडीने छातीतल्या पाण्याचाच नंबर वरचा आहे. तरुण मुलगा, तीन आठवड्यांचा बारीक ताप, भूक मेलेली आणि एका बाजूला पाणी, असा रुग्ण समोर बसला तर टीबीचा विचार आधी यायलाच हवा. पण या सवयीचा फटका दुसऱ्याच आजाराच्या रुग्णांना बसतो. न्यूमोनिया झाला की पुष्कळदा त्याच बाजूला पाणी साचतं, आणि ते टीबीच्या पाण्यासारखं आठवड्यांच्या हिशेबाने चालत नाही. सोमवारी सुईने सहज निघालं असतं ते शुक्रवारी नळीलाही दाद देत नाही, आणि महिनाभराने त्याच्यासाठी ऑपरेशन करावं लागतं. ही पुस्तिका त्या पाण्याविषयी आहे.

ती लिहिली आहे तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांसाठी, ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आणि वॉर्डातल्या सिस्टरांसाठी. रुग्णाच्या नातेवाइकांनी वाचली तरी त्यांना बरंचसं कळेल. मोठ्या शहरातल्या छातीरोगतज्ज्ञाला यात नवीन फारसं सापडणार नाही. पण त्याच्याकडे रुग्ण पोचतो तोवर बहुतेक वेळा खेळ अर्धा होऊन गेलेला असतो. त्या आधीच्या अर्ध्यात काय करता येतं, हे सांगणारं मराठीत काही हवं होतं.

आधी थोडं शरीररचनेबद्दल. फुफ्फुसावर एक पातळ आवरण असतं आणि छातीच्या आतल्या बाजूला दुसरं. दोहोंच्या मधल्या फटीत निरोगी माणसाच्याही थोडा द्रव असतो, दोन्ही बाजू मिळून साधारण १० ते २० मिलिलिटर. म्हणजे दोन-चार चमचे. श्वास घेताना दोन्ही आवरणं एकमेकांवरून सरकावीत एवढंच त्याचं काम. आवरणालगतच्या फुफ्फुसात न्यूमोनिया झाला की तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि द्रव वाढतो. न्यूमोनियासाठी रुग्णालयात दाखल कराव्या लागलेल्या रुग्णांपैकी २० ते ४० टक्क्यांना असं थोडंफार पाणी होतं. त्यातल्या बहुतेकांचं प्रतिजैविकांनी न्यूमोनिया बरा होता होता आपोआप जिरतं. अडचण उरलेल्यांची आहे, कारण पहिल्या दिवशी रुग्णाच्या तोंडाकडे बघून कोणाचं जिरेल आणि कोणाचं चिघळेल हे भल्याभल्यांना सांगता येत नाही.

चिघळण्याच्या तीन अवस्था अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने १९६२ मध्ये मांडल्या, त्या आजही तशाच शिकवल्या जातात. पहिलीत पाणी पातळ, गवताच्या काडीच्या रंगाचं, जंतूंविना. दुसरीत जंतू त्यात उतरतात, त्यांच्यामागे पांढऱ्या पेशी येतात आणि दोघे मिळून पाण्यातली साखर खातात. साखर जळून आम्ल तयार होतं, म्हणून पीएच घसरतो. पेशी मरतात, फुटतात, आणि त्यांच्यातलं एलडीएच नावाचं विकर पाण्यात सांडतं. याच वेळी फायब्रिनचे धागे सुटतात आणि एका मोकळ्या पोकळीचे अनेक कप्पे होतात. तिसरीत त्या धाग्यांवर तंतूपेशी बसतात, आवरणावर जाड साल धरते आणि फुफ्फुस आत जखडून राहतं. पाणी काढलं तरी ते फुगत नाही. पाण्याचा उघड पू झाला की त्याला एम्पायमा म्हणतात. तो दुसऱ्या अवस्थेत केव्हाही होऊ शकतो. पण पू दिसायची वाट बघत बसायचं कारण नाही, हे पुस्तिकेत पुन्हा पुन्हा येतं आणि मला ते पुनरावृत्तीसारखं वाटलं नाही.

छातीतला पू माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. हिपोक्रेटिसच्या परंपरेतले ग्रीक वैद्य रुग्णाचे खांदे धरून हलवत आणि छातीला कान लावून आतला डचमळण्याचा आवाज ऐकत. बरगड्यांमध्ये छेद घेऊन पू काढत आणि जखमेत कापडाची वात ठेवत. पांढरा, स्वच्छ पू आला तर रुग्ण जगतो, गढूळ आणि घाण वासाचा आला तर दगावतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. छातीवर बोटांनी ठोकून आत काय आहे ते ओळखायची रीत लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये व्हिएन्नात प्रसिद्ध केली. भरलेल्या जागी आवाज बद्द येतो. ही रीत आजही फुकट आहे, दोन मिनिटांची आहे, आणि एक्स-रेच्या पाकिटाखाली दबून गेली आहे.

मात्र पू दिसला की छाती उघडायची, या सरळसोट शहाणपणाला पहिला जबर धक्का पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस बसला. १९१७-१८ च्या हिवाळ्यात अमेरिकी सैन्याच्या छावण्यांमध्ये आधी गोवर आणि मग इन्फ्लुएन्झा पसरला. त्यामागून स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा न्यूमोनिया आला आणि सैनिकांच्या छातीत भराभर पाणी साठू लागलं. शल्यविशारदांनी शिकवल्याप्रमाणे बरगडीचा तुकडा काढून छाती मोकळी केली. या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात गेलं. चौकशीसाठी नेमलेल्या एम्पायमा कमिशनमध्ये एव्हार्ट्स ग्रॅहम नावाचा तरुण सर्जन होता. त्याने आणि रिचर्ड बेल यांनी प्राण्यांवर प्रयोग करून कारण शोधलं. या रुग्णांत फुफ्फुस अजून छातीच्या भिंतीला चिकटलेलं नव्हतं. छाती उघडली की बाहेरची हवा आत घुसायची, त्या बाजूचं फुफ्फुस मिटायचं, मधला पडदा दुसरीकडे ढकलला जायचा आणि आधीच न्यूमोनियाने धापा टाकणारा माणूस गुदमरून मरायचा. ग्रॅहम यांनी सांगितलं की या टप्प्यावर छाती उघडू नका. पाणी सुईने किंवा बंद नळीने काढा, पोकळी लवकर निर्जंतुक होऊन भरून येईल असं बघा, आणि रुग्णाच्या खाण्याकडे लक्ष द्या. हे पाळलं तिथे मृत्यू चार-पाच टक्क्यांपर्यंत उतरले. पेनिसिलिन यायला अजून वीसहून अधिक वर्षं होती! (याच ग्रॅहम यांनी १९३३ मध्ये कर्करोगासाठी एका रुग्णाचं अख्खं फुफ्फुस यशस्वीपणे काढलं, पुढे १९५० मध्ये सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणाऱ्या अभ्यासात ते सहलेखक होते आणि १९५७ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगानेच गेले.)

बंद नळी हा काही ग्रॅहम यांचा शोध नव्हे. नळीचं दुसरं टोक पाण्याखाली बुडवून ठेवायचं, म्हणजे आतलं बाहेर येतं पण हवा उलट आत शिरत नाही, ही युक्ती हॅम्बुर्गच्या गोटहार्ड ब्यूलाऊ यांनी १८७५ पासून वापरली आणि १८९१ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्या वॉर्डात खाटेखाली ठेवलेली बाटली ती हीच. आणि ज्ञान असलं म्हणजे माणूस वाचतोच असंही नाही. वैद्यकाच्या दोन-तीन पिढ्या ज्यांचं पाठ्यपुस्तक वाचून घडल्या ते विल्यम ऑस्लर २९ डिसेंबर १९१९ रोजी ऑक्सफर्डमध्ये न्यूमोनियानंतरच्या एम्पायमानेच वारले. पू काढण्यासाठी त्यांच्या छातीवर शस्त्रक्रियाही झाली होती.

१९१८ चा धडा घाई करू नका असा होता. आज आपल्याकडचे रुग्ण उशिरामुळे बिघडतात. हे परस्परविरोधी वाटेल, पण तसं नाही. ग्रॅहम यांनी पाणी तसंच राहू द्या असं कधीच म्हटलं नव्हतं. कोणत्या टप्प्यावर कोणत्या वाटेने काढायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आज सोनोग्राफी आहे, बारीक नळ्या आहेत, प्रतिजैविकं आहेत. पातळ पाणी सुईने काढून तपासण्यात त्या काळचा धोका उरलेला नाही. तरीही सुई लागते सहाव्या-सातव्या दिवशी.

उशीर कुठे होतो ते सांगायला संशोधनाची गरज नाही, कुठल्याही वॉर्डात उभं राहिलं की दिसतं. प्रतिजैविक सुरू होऊन ४८ ते ७२ तास झाले तरी ताप हटत नाही. अशा वेळी इंजेक्शन बदललं जातं. दोन दिवसांनी पुन्हा बदललं जातं. छातीला हात लावून, ठोकून कोणी बघत नाही. एक्स-रे झालेला असतो तो पहिल्या दिवसाचा. आणि उभ्या एक्स-रेवर कोपरा बोथट दिसायलाच साधारण २०० मिलिलिटर पाणी लागतं. झोपवून काढला तर त्याहून जास्त असूनही ते नुसतं धूसर दिसतं. सोनोग्राफीला यातलं थोडंसं पाणीही पुरतं. शिवाय पाण्यात धागे सुटलेत का, कप्पे झालेत का, हे सीटी स्कॅनपेक्षा सोनोग्राफीत जास्त चांगलं दिसतं. ज्याने एकदा पडद्यावर श्वासागणिक हलणारं ते कोळ्याच्या जाळ्यासारखं चित्र पाहिलं, तो पुन्हा "थांबून बघू" असं सहजासहजी म्हणणार नाही. लेखकांनी सीटी स्कॅनला बरीच पानं दिली आहेत. माझ्या मते ती कमी चालली असती. तालुक्याच्या गावी गरोदर बायकांच्या सोनोग्राफीसाठी मशीन असतंच. त्याचा प्रोब छातीवर ठेवायची सवय लागली तरी पुष्कळ साधलं.

सुईला विरोध नातेवाइकांकडूनही होतो.

"डॉक्टर, एकदा सुई लावली की पाणी परत परत भरतं म्हणतात. गोळ्यांनीच जिरवा ना."

"मावशी, भरतं ते आजार आत शिल्लक असतो म्हणून. सुईमुळे नाही."

"मग याला पाणी प्यायला देऊ की नको? घरी सगळे म्हणतात, आधीच आत पाणी झालंय."

हा संवाद रोजचा आहे. कर्करोगात, हृदयाच्या अशक्तपणात पाणी खरोखरच पुन्हा पुन्हा भरतं, आणि शेजारपाजारच्या अशा रुग्णांवरून ही समजूत पक्की झालेली असते. पिण्याच्या पाण्याचा आणि छातीतल्या पाण्याचा तर काडीचा संबंध नाही. उलट तापाने फणफणलेल्या माणसाचं पाणी तोडलं तर त्याच्या मूत्रपिंडावर ताण येतो. पुस्तिकेतलं नातेवाइकांसाठीचं प्रकरण याच प्रश्नांनी सुरू होतं, ते मला फार आवडलं.

आता सुईत आलेल्या द्रवाकडे बघू. सिरिंज उजेडात धरली की अर्धं उत्तर डोळ्यांना मिळतं. स्वच्छ पिवळसर, गढूळ, की सरळ पू. वासही घ्यावा, सडका वास आला तर प्राणवायूविना वाढणारे जंतू, आणि मग तोंडातले किडके दात बघायलाच हवेत. पू असेल तर पुढच्या रासायनिक तपासण्यांवर पैसे घालवू नयेत, नळी घालावी. गढूळ किंवा पातळ असेल तर पीएच ही सगळ्यात कामाची तपासणी. तो ७.२ च्या खाली असेल तर नळी लागते. पण हा पीएच रक्तातल्या वायूंच्या मशीनवरच मोजायचा असतो, कागदी पट्टीवर नव्हे. आणि सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा खोटा वर जातो, भूल देण्याचं औषध राहिलं तर खोटा खाली येतो. मशीन नसेल तर साखर: लॅबमध्ये मोजलेली साखर ६० मिलिग्रॅमच्या खाली असली की अर्थ तोच. कल्चरसाठी थोडा द्रव साध्या बाटलीत आणि थोडा रुग्णाच्या खाटेशीच ब्लड कल्चरच्या बाटलीत घालावा. जंतू हाती लागण्याची शक्यता त्याने वाढते. तरीही बऱ्याच वेळा काहीच उगवत नाही, कारण प्रतिजैविकाचे डोस आधीच पोटात गेलेले असतात.

आणि ए.डी.ए.! या एका तपासणीने आपल्याकडे जेवढा घोळ घातला आहे तेवढा क्वचितच दुसरीने घातला असेल. ४० च्या वर ए.डी.ए. म्हणजे टीबी, असं समीकरण झालं आहे. पण ए.डी.ए. पांढऱ्या पेशींतून येतं, आणि जिवाणूंच्या पुवात पांढऱ्या पेशींचा खच असतो. एम्पायमात हा आकडा शंभराच्या पुढेही जातो. म्हणून ए.डी.ए. कधी एकटं वाचू नये. पेशी मोजाव्यात. टीबीच्या पाण्यात बहुतेक वेळा लिम्फोसाइट जास्त असतात, न्यूमोनियाच्या पाण्यात न्यूट्रोफिल. हे न बघता सहा महिन्यांचा टीबीचा कोर्स सुरू होतो, रुग्णाचा ताप चालू राहतो, "औषध लागू पडायला वेळ लागतो" असं सांगितलं जातं, आणि तेवढ्यात छातीत साल धरते. उलटही घडतं, टीबीचाच एम्पायमा असतो आणि साधा पू म्हणून सोडून दिला जातो; म्हणून शंका असेल तर जनुकीय तपासणीही पाठवावी. मात्र पाण्यात ती निगेटिव्ह आली म्हणजे टीबी नाहीच, असं समजू नये. दोन्ही बाजूंनी फसवणारा हा प्रदेश आहे आणि लेखकांनी इथे घाईने निकाल दिलेले नाहीत.

उपचारांवर पुस्तिकेत तपशील भरपूर आहे, मी दोन-तीन गोष्टींपुरतं बोलतो. प्रतिजैविक निवडताना अमायकासिन किंवा जेंटामायसिनवर भिस्त ठेवू नये. ती आवरणाच्या पोकळीत नीट उतरत नाहीत आणि आम्लात त्यांचा जोर राहत नाही. नळी मोठी की बारीक, हा वाद बराचसा मिटला आहे: १० ते १४ फ्रेंच आकाराची पिगटेल बहुतेकांना पुरते आणि दुखतंही कमी. पण बारीक नळी तुंबते. दर सहा तासांनी २०-३० मिलिलिटर सलाइनने ती धुवावी लागते आणि हे काम सिस्टरांचं आहे, डॉक्टरांच्या राउंडचं नाही. बाटलीतली पातळी श्वासाबरोबर वर-खाली होते की नाही, हे प्रत्येक पाळीत लिहिलं गेलं पाहिजे. पातळी थांबली आणि रुग्णाचा ताप चालूच असला तर नळी तुंबली आहे किंवा कप्पा वेगळा आहे. "नळीतून काही येत नाही, म्हणजे पाणी संपलं" असं समजून नळी काढून टाकलेले रुग्ण पुढे ऑपरेशनच्या टेबलावर भेटतात.

धागे विरघळवायला नळीतून औषध घालायची कल्पना १९४९ पासूनची. स्ट्रेप्टोकायनेज स्वस्त, म्हणून ते आपल्याकडे सढळ हाताने वापरलं गेलं. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या चारशेहून अधिक प्रौढ रुग्णांच्या चाचणीत त्याचा ना मृत्यूवर परिणाम दिसला ना ऑपरेशन टळण्यावर. २०११ मध्ये २१० रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत टीपीए आणि डीएनेज ही दोन औषधं मिळून दिल्यावर मात्र पाणी कमी झालं, ऑपरेशनची गरज घटली आणि रुग्णालयातले दिवस वाचले. एकएकटं दिलेलं कोणतंच औषध चाललं नाही. कारण पू घट्ट असतो तो फायब्रिनपेक्षा मेलेल्या पेशींच्या डीएनएमुळे. धागे तोडले तरी चिकटपणा राहतो. ही जोडी महाग आहे. ती परवडत नसेल तर स्वस्त औषधावर आठवडा घालवण्यापेक्षा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्ण लवकर पाठवावा, असं माझं मत आहे. लहान मुलांचं गणित वेगळं आहे. त्यांच्यात यूरोकायनेजने रुग्णालयातला मुक्काम कमी होतो, आणि एकंदरीत मुलं मोठ्यांपेक्षा फार चांगली बरी होतात. काही महिन्यांनी त्यांचे एक्स-रे बघून आपणच थक्क होतो.

मोठ्यांचं तसं नाही. एम्पायमा झालेल्या प्रौढांपैकी साधारण १० ते २० टक्के वर्षभरात दगावतात. कोणाला धोका जास्त हे अजमावायला रॅपिड नावाचा गुणांक वापरतात. त्यात पाच गोष्टी येतात: रक्तातला युरिया, वय, पाणी पुवाचं आहे की नाही, संसर्ग घरी झाला की रुग्णालयात, आणि अल्ब्युमिन. पुवाचं पाणी नसलेल्याला इथे धोका जास्त धरतात. वाचताना हे उलटं वाटेल, पण छपाईची चूक नाही. अल्ब्युमिनवरून पुन्हा ग्रॅहम यांचा खाण्याकडे लक्ष देण्याचा नियम आठवतो. पू म्हणजे शरीरातून रोज वाहून जाणारं प्रथिन. अशा रुग्णाला आठवडाभर पेज आणि बिस्किटांवर ठेवणं हा उपचारातला दोष आहे. अंडी चालत असतील तर अंडी, नाहीतर डाळ, दूध, शेंगदाणे. खाट सोडून त्याला बसवावं, चालवावं, श्वासाच्या व्यायामाच्या तीन चेंडूंच्या खेळण्याने श्वास ओढायला लावावा.

एक गोष्ट पुस्तिकेत अगदी शेवटी आली आहे, ती मी इथे पुढे आणतो. लहान मुलांत न्यूमोकॉकस या जंतूविरुद्धची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ मध्ये देशभर सरकारी लसीकरणात आली. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशा वयात ती मोफत मिळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या लसीमुळे ती स्वस्तात उपलब्ध झाली. साठी ओलांडलेल्यांना, मधुमेहींना, धूम्रपान करणाऱ्यांना मात्र ती पदरचे पैसे घालून घ्यावी लागते, आणि त्यांना ती घ्यायला सांगणारा माणूस म्हणजे त्यांचा फॅमिली डॉक्टर.

वाचकांना एकच विनंती. ही पुस्तिका टेबलाच्या खणात ठेवू नका. सुई कुठे घालायची त्याची आकृती यात आहे: काखेखालचा तो त्रिकोण, खालच्या बरगडीची वरची कड, कारण रक्तवाहिनी आणि नस प्रत्येक बरगडीच्या खालून जाते. ते पान आणि नळी धुण्याचा तक्ता या दोन्हींच्या झेरॉक्स काढा. एक सोनोग्राफीच्या खोलीत लावा, दुसरी सिस्टरांच्या टेबलासमोर. आणि न्यूमोनियाचा ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नसेल तर इंजेक्शन बदलण्याआधी रुग्णाला बसवून त्याची पाठ ठोकून बघा.